पेटी कशी होती?

१

बॅग फिरत्या पट्ट्यावरून घरंगळली आणि धप्पकन फरशीवर पडली. काळी, मोठी, एक चाक मोडलेली, चारही बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, मुठीला लाल फीत. आपली बॅग चटकन ओळखू यावी म्हणून लोक लाल फीत बांधतात. सगळेच बांधतात, त्यामुळे कुणालाच काही ओळखू येत नाही, ही गोष्ट वेगळी. ही बॅग मात्र जिची होती तिने बरोबर ओळखली.

"आई, घरी जाऊन उघडू," मुलगा म्हणत होता. आजींनी ऐकलं नाही. त्या तिथेच, लोकांच्या पायांत, खाली बसल्या. प्लास्टिकचं टोक दातांत धरलं आणि टरकावलं. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, दोरा दातांनीच तोडायची. मुलाने नाइलाजाने खिशातून किल्ली काढून दिली.

आत वर दोन शर्ट होते. त्याखाली सुतळीने बांधलेले जुन्या मासिकांचे गठ्ठे, आणि तळाशी टॉवेलात नीट गुंडाळलेली एक इस्त्री. बस्स. आजींनी हात मांडीवर ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "माझी पेटी गेली."

झालं. ते तीन शब्द जवळच्या शिपायाने ऐकले आणि वायरलेसवर सांगून टाकले की एका म्हाताऱ्या बाईंची पेटी चोरीला गेली आहे. मग काय, दुपारपर्यंत अर्धा विमानतळ एक पेटी शोधत होता. पट्ट्यामागे, गाड्यांखाली, संडासातसुद्धा. गाढवं कुठली.

हरवलेल्या सामानाची खोली तळघरात होती आणि ती चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. खोलीला खिडकी नव्हती. मालक न सापडलेल्या बॅगा छतापर्यंत रचलेल्या, त्यांचा एक दमट, कोंदट वास, आणि एक पिवळा दिवा. इथे येणारं माणूस काहीतरी गमावूनच येतं, त्यामुळे ताईंचा नियम ठरलेला होता: आधी पाणी, मग प्रश्न.

आजी पाणी प्यायल्या. ताईंनी बॅगेकडे बोट दाखवलं. "आजी, तुमची पेटी तर ही समोर आहे."

"ही नाही हो," आजी म्हणाल्या. "वाजवायची पेटी. माझ्या थोरल्याची."

"मग थोरल्याला विचारू या, त्यानेच काढून ठेवली असेल."

"तो गेला," आजी म्हणाल्या. "त्याचंच सामान आणायला गेलो होतो."

२

ताईंनी जीभ चावली. आपल्या तोंडाला कधी लगाम बसणार, असं स्वतःलाच विचारलं आणि खुर्ची आजींच्या जवळ ओढली.

थोरला परदेशी एकटाच राहायचा, एका उपाहारगृहात भांडी घासायचा. झोपेतच त्याचं हृदय बंद पडलं. निदान आजींना तसं सांगण्यात आलं होतं. त्या आणि धाकटा तिकडे गेले. खोली चार जिने वर, आजींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या खाली घरमालकिणीपाशी बसल्या आणि धाकट्याने एकट्याने वर जाऊन सगळं आवरलं. तिकडच्या विमानतळावर बॅग प्लास्टिकमध्ये गुंडाळली ती मात्र आजींच्या डोळ्यांसमोर. त्या मशिनपासून हलल्याच नाहीत. माणसाने आणखी किती सांभाळायचं?

"पेटी वाजत होती ना चांगली?" ताईंनी विचारलं.

"वाजत होती म्हणजे? दर रविवारी फोन लावायचा, तो पेटीवर ठेवायचा आणि वाजवायचा. तिचं एक होतं बघा. नुसती उचलली तरी भाता हलायचा आणि आत कुठलातरी सूर हुंकारायचा. लहानपणी हा गुपचूप पेटी काढायचा ना, मला शिलाई मशिनवर बसल्या बसल्या कळायचं."

"शेवटच्या रविवारी वाजवली होती?"

आजी शालीचा एक सुटलेला धागा ओढत राहिल्या. "वाजवली की. छान वाजवली."

तेवढ्यात दार न वाजवता सुरक्षेचे साहेब आत आले. हा माणूस बूट वाजवत चालायचा आणि आपण फार हुशार आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

"ताई, पेटी जाऊ द्या खड्ड्यात," ते म्हणाले. "चोर सापडला."

३

चोर म्हणजे खांब. उंचीवरून त्याला सगळे खांबच म्हणत. विमानातून सामान उतरवणारा, अबोल, घरी बायको आणि तिची अंथरुणाला खिळलेली आई. कॅमेऱ्यात तो दिसला होता: शेडमध्ये, काळ्या बॅगेवर ओणवा, पाठ कॅमेऱ्याकडे, आणि बराच वेळ. मागे एकदा कुणाची तरी अत्तराची बाटली गेली तेव्हाही त्याचंच नाव आलं होतं. सिद्ध काही झालं नाही, पण एकदा बोट दाखवलं की ते चिकटतंच माणसाला.

"संध्याकाळी त्याचा पास काढून घेतो," साहेब म्हणाले.

पास गेला म्हणजे काय, हे तळघरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चोर म्हणून ज्याचा पास जातो, त्याला दुसरा विमानतळ सोडाच, साधं गोदामही दारात उभं करत नाही. थोडक्यात, संध्याकाळच्या आत काही निघालं नाही तर एका घराच्या पोटावर पाय येणार होता.

खांब दारात वाकून आत आला. बसला नाही.

"पेटी कशी होती रे?" ताईंनी विचारलं. शब्द मुद्दाम तोच वापरला.

"काळी. एक चाक मोडकं," तो म्हणाला. "पेट्या रोज ढीगभर उचलतो, ताई, पण ही लक्षात राहिली. आडवी टाकली होती कुणीतरी. वर 'नाजूक' अशी चिठ्ठी चिकटवलेली. म्हणून उभी केली. मोडक्या चाकामुळे ती राहीना, तर खाली पुठ्ठा लावला. त्यातच वेळ गेला."

"उचलताना वाजली का?"

"काय वाजायचंय तिच्यात? मुकी होती." मग त्याचा आवाज खाली गेला. "घरी अजून सांगितलं नाही मी. सांगू का नको?"

"थांब जरा," ताई म्हणाल्या. यापेक्षा जास्त त्यांच्या हातात काही नव्हतं आणि त्याचा त्यांना राग आला.

तो गेल्यावर त्यांनी बॅगेतला ऐवज टेबलावर मांडला. शर्ट, मासिकं, इस्त्री. टॉवेल किती व्यवस्थित गुंडाळला होता, कोपरे आत खोचून. इस्त्रीची वायर सोडवली आणि सहज, काही करायला हवं म्हणून, त्यांनी प्लग भिंतीत घातला.

जाईना. ताईंनी प्लग उलटा करून पाहिला. पिना जाड आणि चपट्या, भिंतीतली भोकं गोल.

इस्त्री इथली नव्हतीच.

४

"त्यात काय मोठं?" साहेब म्हणाले. "त्याच विमानातल्या दुसऱ्या कुणाच्या बॅगेतून काढली आणि हिच्यात कोंबली."

साहेब अधूनमधून बरोबर बोलत, हीच त्यांची पंचाईत होती. ताईंनी इस्त्री उचलली आणि शेजारच्या खोलीत बसवलेल्या आजींसमोर नेऊन धरली.

आजींनी तिच्या मुठीवरून बोट फिरवलं. मुठीला एके ठिकाणी दोरा गुंडाळलेला होता, तडा गेला होता तिथे. "थोरल्याचीच," त्या म्हणाल्या. "शर्टाला चुणी चालायची नाही त्याला. दोरा गुंडाळायला मीच शिकवलं."

ताई परत आल्या आणि दार लावून घेतलं.

"इस्त्री थोरल्याच्या खोलीतली. मासिकंही तिथलीच असणार. म्हणजे अदलाबदल खोलीत झाली, नाहीतर खोलीपासून त्या प्लास्टिकच्या मशिनपर्यंत. प्लास्टिक इथे आजींनी स्वतःच्या दातांनी फाडलं, तोवर अखंड होतं. खांबाने बॅगेला हात लावला तेव्हा पेटी तिच्यात नव्हतीच."

"तिकडच्या विमानतळावरचा कुणीतरी चोर..."

"साहेब, चोर चोरी करतो, भरपाई करत नाही. पेटी काढली की तो पळेल. इस्त्री शोधून, टॉवेलात गुंडाळून, कोपरे खोचून कशाला बसेल? वजन कोण भरतो? ज्याला ती बॅग कुणाला तरी हलकी लागू द्यायची नसते तो."

"मला तुमचं कीर्तन नको," साहेब घड्याळ पाहत म्हणाले. "माणूस द्या. नाहीतर माझा माणूस मला पुरे आहे."

बाहेर बाकावर धाकट्याची बायको बसली होती. ती फक्त घ्यायला आली होती, तिकडे गेलीच नव्हती. साधी, दमलेली, नवऱ्याच्या सांगण्याबाहेर नसलेली. ताईंनी तिलाही तेच विचारलं. "पेटी कशी होती?"

"आमच्याच माळ्यावरची, काळी. मी म्हटलं होतं ह्यांना, चाक मोडलंय, दुसरी न्या." म्हणजे तिच्याही डोक्यात बॅगच. मग ती म्हणाली, "एक विचारू? आईंना आज घरी सोडणार ना? ह्यांनी विमानात बसायच्या आधी फोन केला होता. म्हणाले, आई घरी बॅग उघडेल तेव्हा तू तिच्याजवळ राहा. एकटी सोडू नकोस. आणि आईंनी तर ती इथेच उघडली."

पेटी गेल्याचं त्याला आधीच माहीत होतं, याशिवाय त्या वाक्याचा दुसरा अर्थ लावायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला.

५

धाकटा आला तो खाली मान घालून. चष्म्याच्या दुकानात कामाला, बोलणं हळू, नखं कुरतडलेली.

"मॅडम, ते जाऊ द्या आता," तो म्हणाला. "सामान काय, हरवतंच. आईला तेवढं सांगा, सापडणार नाही म्हणून. कुणाला पकडू नका."

"नवलच आहे. माझ्यासमोर बसणारा प्रत्येक जण म्हणतो, चोराला फासावर द्या."

ताईंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"पेटी कशी होती?"

"जुनी. भाता फाटलेली पेटी कोण चोरणार, मॅडम? इकडे तिकडे झाली असेल."

ताईंनी टेबलावरची सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "भाता फाटला की पेटीतून सूर निघत नाही, एवढं मलाही कळतं. आणि तुझी आई तर म्हणाली की शेवटच्या रविवारी दादाने छान वाजवली. म्हणजे तोवर भाता धड होता. रविवारनंतर ती पेटी पाहिली कुणी? फक्त तू. बॅग भरली कुणी? तू. किल्ली कुणाच्या खिशात होती? बाळा, बाहेर एक माणूस उभा आहे. तुझ्या बॅगेवर 'नाजूक' लिहिलंय म्हणून त्याने ती उभी केली. त्याची रोजीरोटी संध्याकाळी जाणार आहे."

"माझ्या मनातसुद्धा नव्हतं कुणाचं नाव यावं," धाकटा म्हणाला. त्याने चष्मा काढला. "ती चिठ्ठी मीच चिकटवली होती. आईला बरं वाटावं म्हणून."

"पेटी विकलीस?"

त्याने असं पाहिलं की ताईंना आपल्या प्रश्नाची लाज वाटली.

"विकायला काही उरलं असतं तर," तो म्हणाला.

६

खोलीत तो एकटाच गेला होता. पेटी खाटेवर होती. भाता फाटलेला नव्हता, सुरीने कापलेला होता. उभा, आडवा, पुन्हा उभा. दादानेच कापला होता. तिकडच्या डॉक्टरांनी धाकट्याला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं होतं: हृदय वगैरे काही नाही, त्याने स्वतःच स्वतःला संपवलं. धाकट्याने आईला हृदयाचं सांगितलं होतं. आता त्याने खोलीचं दार लावून घेतलं.

"तिला वाटतंय तो पेटी वाजवत सुखात होता," तो म्हणाला. "ती पेटी तिच्या हातात दिली असती तर तिने भात्यावरून एकदा बोट फिरवलं असतं. कापलेलं काय आणि फाटलेलं काय, ती डोळे मिटून सांगते, मॅडम. मग तिने विचारलं असतं, का कापला? मी काय सांगू? खाली ती वाट बघत होती. हलकी बॅग घेऊन कसा उतरू? हाताला आलं ते भरलं. म्हटलं, घरी उघडेल, विमानतळावर गेली म्हणू. कुणाच्या नावावर जायचं नाही."

इकडे आड तिकडे विहीर. खरं सांगितलं तर म्हातारी मरते, नाही सांगितलं तर खांब. त्यांनी आयुष्यात हजार लोकांना सांगितलं होतं की बॅगेच्या आतही नाव लिहा, फोटो काढून ठेवा, कुलूप लावा. असल्या सामानासाठी काय लावायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी त्यांनी एक मधला मार्ग काढला आणि धाकट्याला घेऊन आजींकडे गेल्या.

"आजी, चोरीबिरी काही झाली नाही. घाईगडबडीत पेटी भरायचीच राहून गेली. तिकडेच राहिली."

आजींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्हाला खोटं नीट बोलता येत नाही, ताई. ह्याला तर लहानपणापासून येत नाही." मग मुलाला म्हणाल्या, "टॅक्सीत बॅग टाकलीस ना, तेव्हाच मी कान दिला होता. हुंकारली नाही. म्हटलं, पेटी नाही आत. म्हटलं, हा सांगेल. विमानात सांगेल, उतरल्यावर सांगेल. पट्ट्यावरून एवढी आपटली तरी मुकीच. मग मला राहवलं नाही. आता उघडली की हा बोलेल, असं वाटलं. तर सगळे म्हणाले, चोरी झाली, आणि तू त्यांना तसं म्हणू दिलंस."

"आई..."

"ताई, मीही तुमच्याशी खोटं बोलले. शेवटच्या रविवारी त्याने वाजवलीच नाही. मी म्हटलं, वाजव रे. तर म्हणाला, आई, पेटीचा श्वास गेलाय." आजींचा धागा आता शालीतून बराच बाहेर आला होता. "मी काय म्हणाले असेन? म्हणाले, मग दुरुस्तीला टाक, आळस करू नकोस. आणि ह्याला सांगितलं, छान वाजवली. म्हटलं, ह्याला कशाला घोर."

धाकटा भिंतीला टेकला. दोघं तिकडून इथपर्यंत शेजारी शेजारी बसून आली होती, आणि एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती.

"भाता फाटला होता की कापला होता?" आजींनी विचारलं.

तो चष्मा पुसायला लागला.

"मी विचारते आहे."

"कापला होता."

आजींनी मान हलवली. "हृदय वगैरे नव्हतंच ना रे?"

"नाही."

"पेटी कुठे आहे?"

"मागच्या जिन्याने नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकली."

"मी शिवला असता रे भाता," आजी म्हणाल्या. "त्याने सांगितलं असतं तरी शिवला असता, तू आणली असतीस तरी शिवला असता. मला दुसरं येतं काय?"

आणि मग त्या रडल्या. ताईंनी पाण्याचा पेला भरला आणि तो हातातच धरून उभ्या राहिल्या.

साहेबांकडे आजी स्वतः गेल्या. "माझी पेटी इथे हरवली नाही, घरातच हरवली होती," एवढंच त्या म्हणाल्या. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही, पण धाकट्याने पुढे होऊन आपण बॅग कशी भरली ते सांगितलं, तेव्हा त्यांनी टेबलावरचा पास खांबाकडे सरकवला. माफी मागितली नाही.

बाहेर आजी खांबापुढे थांबल्या. त्याच्याकडे बघायला त्यांना मान बरीच वर करावी लागली. "तू उभी केलीस म्हणे बॅग."

"नाजूक लिहिलं होतं, आजी."

"आत तसं काही नव्हतं रे."

"मला काय माहीत? लिहिलं होतं म्हणून केली."

निघताना त्या पुन्हा तळघरात आल्या. धाकटा रिकामी बॅग ओढत मागून आला, मोडकं चाक फरशीवर खरडत होतं. टेबलावर शर्ट आणि मासिकांशेजारी इस्त्री तशीच होती.

"ही नेऊ ना?" आजींनी विचारलं.

"तुमचीच आहे, आजी," ताई म्हणाल्या. "पण तिचा प्लग इथे बसत नाही. चालायची नाही ती."

"नसू दे," आजी म्हणाल्या. त्यांनी इस्त्री टॉवेलात गुंडाळली, कोपरे आत खोचले, आणि बॅगेत न ठेवता छातीशी धरली. "शर्ट तरी आता कुणाचे करायचेत?"